जोंधळ्यातला दबा

निजामाच्या फौजेत आम्हाला सकाळी एक आणि दुपारी नेमकं त्याच्या उलट शिकवत. सकाळी बीडच्या मैदानावर हवालदार कवायत घ्यायचा. नाकावर माशी बसली तरी हुकमाशिवाय हलायचं नाही. दुपारी एक म्हातारा रोहिला आम्हाला डोंगराकडं नेऊन दरोडेखोरांसारखा दबा धरायला शिकवायचा. जागा उघडी पडली की हुकमाची वाट न बघता पळायचं, असं तो सांगायचा. मला दोन्ही विद्या येतात, अशी माझी ठाम समजूत होती.

परीक्षेच्या दिवशी लपायची जागा मीच निवडली, हुरड्यात आलेला जोंधळा. शेतकऱ्याचा पोर ना मी. पण अशा जोंधळ्यात माळ्यावर कुणीतरी राखणीला असतं, एवढं त्या शेतकऱ्याच्या पोराला आठवलं नाही. माळ्यावरच्या बाईला धाटं हललेली दिसली आणि गोफणीतून दगड सुटले.

बाकीचे शिपाई रोहिल्याचं ऐकून पळाले. मी हवालदाराचं ऐकलं. एक दगड पागोट्यावर बसला, एक पाठीत. मी हललो नाही. उलट त्याच पाठीवर मनातल्या मनात शाबासकीची थाप मारून घेतली.

थोड्या वेळानं ती बाई विळा घेऊन डुक्कर मेलं का ते बघायला आली. तिनं मला नीट निरखलं आणि विहिरीवरच्या नवऱ्याला हाक मारून विचारलं, "अवो, डुक्कर न्हाई, सरकारी शिपाई हाय. हाणू का सोडू?"

नवऱ्यानं उत्तर द्यायला बराच वेळ घेतला.