उपासाचा गंज

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि कळंबच्या चिंतामणी गणपतीला तर कोणत्या तोंडानं सांगू? त्याचंच नाव घेऊन तर मी खोटं बोलले. तुम्हाला सांगते. मधेच अडखळले, तर अडखळू द्या.

दारव्ह्याच्या बाहेर एक वस्ती आहे, बौद्धांची. ताजी भाजी तिथं बाजाराच्या दिवशीच दिसते. एरवी आलू, बेसन, आणि पोरांच्या हातात चिप्सचे पुडे. एका संस्थेतर्फे मी दर मंगळवारी तिथल्या बायांना स्वयंपाक शिकवते. शेवग्याचा पाला भाकरीत कसा मळायचा, कोवळा तरोटा, म्हणजे रानातला टाकळा, डाळीत कसा घालायचा, असं सगळं. वर्ग सुमनताईच्या अंगणात भरतो, आणि शेवटी सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं. हा नियम माझाच, बरं का!

आणि मी? पहिल्याच दिवशी ताट पुढं आलं तसे हात जोडले. म्हटलं, माझा उपास आहे, चिंतामणीचे मंगळवार धरलेत.

कसला उपास! सकाळी चांगल्या पोळ्या हाणून निघाले होते.

उपास म्हटलं की आपल्याकडं कुणी पुढं विचारत नाही. इथंही नाही विचारलं. पण पुढच्या मंगळवारी चुलीच्या बाजूला एक छोटा गंज झाकून ठेवलेला—गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं. सुमनताई म्हणाली, "मॅडम, भगर केली तुमच्यासाठी. गंज न्याराच ठेवला, आमचं काईच नाई लागू देल्लं त्याले."

तिच्या घरात तिच्या आज्यापासून कुणी उपास केलेला नाही. भगर कशी करतात, हे ती वाण्याच्या बायकोला विचारून आली होती. माझ्यासाठी!

मी ती डब्यात भरून घेतली, घरी खाते म्हटलं. आणि जीपच्या थांब्यावर गाईपुढं ओतली. एकदा नाही—कितीतरी मंगळवार. गाय मला ओळखायला लागली होती, आता बोला!

मग एका उन्हाळ्यात, घाईत काही न खाता गेले, आणि वर्गातच डोळ्यांपुढं अंधारी आली. सुमनताईनं मला मांडीवर घेतलं, पदरानं वारा घातला. शुद्ध आली तसा भगरीचा घास तिनं स्वतः माझ्या तोंडात घातला. "उपाशी जीव कायले असा जाळता व मॅडम?" म्हणाली. काय चव होती त्या भगरीला, माय व! मी रडले. तिला वाटलं, मिरची लागली.

तेव्हापासून तिची भगर तिथंच खाते. पोटभर खाते. त्या हातांनी मला भरवलं, याचं मोल माझ्याच्यानं फिटायचं नाही. वस्तीत मी खायला शिकवते म्हणतात. खाणं तर मीच तिथं शिकले.

पण आधी का खात नव्हते? तेच तर सांगायचंय—जीभ जड होते. बोरी अरबला आमच्या माहेरी शेतात येणाऱ्या बायांचा कप गोठ्यात खुंटीला असायचा. न्यारा. त्या कपाबद्दल मी चारचौघांत आईला नावं ठेवलीत. आणि सुमनताईच्या हातचं खायची वेळ आली, तेव्हा मीच उपास पुढं केला. जातीमुळं. दुसरं काही नव्हतं.

ती अजून मंगळवारी तो गंज घासूनपुसून न्यारा ठेवते, माझा उपास मोडू नये म्हणून. तिकडं पंगतीत माझ्याच शिकवण्यातली तरोट्याची भाजी वाढली जाते, वास येतो, आणि मी बाजूला बसून भगर खाते. येत्या मंगळवारी झाकण काढायच्या आधी तिला हे सगळं सांगणार आहे. मग तिनं काय करायचं, ते तिचं ती बघेल.

गोठ्यातला कप आईनं ठेवला होता. हा गंज मी ठेवायला लावला.