रोजचा एक

शाखेतले लोक तिला पाठीमागे ‘शंभरबाई’ म्हणत. तोंडावर अर्थातच ‘मॅडम’. बँकेच्या एका लहानशा शाखेची ती मॅनेजर, आणि नव्व्याण्णव हा आकडा तिला सहन होत नसे. नाव ठेवलं होतं शाखेच्या शिपायानं. त्याला कोणी विचारलं की तो म्हणायचा, “बाईंना ताप आला तरी शंभरच येणार, बघा.”

काउंटरवर कारकून म्हणून लागली तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. पासबुकं भरली, सह्या ताडून पाहिल्या, बाळंतपणाच्या रजेत पोराला मांडीवर घेऊन बँकेच्या परीक्षा दिल्या. तिच्या मागून आलेले दोघेतिघे तिच्या पुढे निघून मोठ्या कचेरीत जाऊन बसले. आपण ते मनाला लावून घेतलं नाही असं ती सांगत असे. घेतलं होतं. चांगलंच लावून घेतलं होतं.

मग फोनवरून पैसे पाठवायचे दिवस आले, आणि बाईंना वाट सापडली. वरून हुकूम आला की प्रत्येक शाखेनं आपले खातेदार फोनवर आणावेत. इतर मॅनेजरांनी भिंतीवर फलक लावले आणि हात झटकले. हिनं खुर्ची उचलली आणि खातेदारांच्या बाकावर जाऊन बसली. चष्मा विसरून आलेल्याला स्वतःचा चष्मा दिला. ज्यांची बोटं थरथरत त्यांचं बोट धरून आकडे दाबायला शिकवलं. तीन वर्षांत शाखेतली गर्दी ओसरली. आपण ज्या फांदीवर बसलोय तीच कापतोय, हे शिपायाला कळत होतं. बाईंनाही कळत असणार, पण त्या टक्के मोजत होत्या.

शेवटी एकच खातेदार उरला. छापखान्यातले काका.

काका छापखान्यात खिळे जुळवणारे. चाळीस वर्षं एकेक अक्षर चिमटीत धरून ओळी लावल्या. छापखाना बंद झाला, बायको गेली, मग घशाला गाठ आली आणि ऑपरेशनमध्ये आवाजच गेला. मूलबाळ नव्हतं. खिशात पेन्सिल असायची, आणि बोलायचं ते सगळं पैसे काढायच्या कोऱ्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर. दर सोमवारी आणि गुरुवारी दहाच्या ठोक्याला ते शाखेत हजर. बँकेत त्यांचं काम काय? काही नाही. खिडकीजवळच्या बाकावर बसायचं, वर्तमानपत्रातल्या छपाईच्या चुका शोधायच्या, आणि जाताना कॅशियरच्या काचेला चिठ्ठी लावायची: “आज अकरा.” कॅशियर म्हणायचा, “काका, देश बुडाला म्हणायचा!” काका हसायचे. त्या हसण्याला आवाज नसायचा, खांदे तेवढे हलायचे.

बाईंनी त्यांना सहा वेळा विचारलं. सहा वेळा त्यांनी मान हलवली. सातव्या वेळी बाई त्यांच्या शेजारी बसून राहिल्या, तेव्हा त्यांनी चिठ्ठी लिहिली. अक्षर छापल्यासारखं.

“इथे आलो नाही, तर मी आहे की गेलो ते कुणाला कळणार?”

बाईंनी ती दोनदा वाचली. पुढच्या महिन्यात मोठ्या कचेरीतल्या जागेसाठी मुलाखत होती आणि शाखेच्या नावापुढे शंभर लागायला हा एक माणूस हवा होता. पण एवढंच सांगितलं तर तिच्यावर अन्याय होईल. तिला खरंच गलबलून आलं होतं.

“मला कळेल,” ती म्हणाली. “हे बघा काका, रोज सकाळी माझ्या खात्यात एक रुपया पाठवायचा. नुसता एक. सोबत निरोप लिहायची जागा असते, साठ अक्षरांची. तिथं वाटेल ते लिहा. महिना संपला की तुमचे तीस मी परत पाठवीन. आणि ज्या दिवशी तुमचा एक येणार नाही, त्या दिवशी मी स्वतः तुमच्या दारात.”

काकांनी लिहिलं, “नक्की?”

“माझा शब्द.”

काकांनी पेन्सिल खिशात ठेवली. मग त्यांनी अर्जावर सही केली. शिपायानं साखर वाटली. शंभर झाले.

निरोप रोज येऊ लागले. साठ अक्षरांत बसवणं हा काकांच्या हातचा खेळ होता. “गुडघा आज शहाणा. चुका सात.” “शेजारणीचं मांजर राहायला आलंय. भाडं देत नाही.” “तुमच्या जाहिरातीत वेलांटी चुकली. साहेबांना सांगा.” फोन टिणकला की तिचा नवरा चहाचा कप खाली ठेवून विचारायचा, “आला का एक? काय म्हणतात काका?” ती वाचून दाखवायची, दोघं हसायची, आणि ती उलट लिहायची, “छान. जपून राहा.”

मुलाखत झाली. साहेबांनी विचारलं, शंभर टक्के कसे केले? ती म्हणाली, “बाकावर बसले.” त्यांना वाटलं, विनोद केला. जागा तिला मिळाली: फोनवरच्या साऱ्या व्यवहारांची प्रमुख, नवव्या मजल्यावर, काचेची खोली, हाताखाली चाळीस माणसं. तिची शाखा चार महिन्यांनी बंद झाली. पायरीच चढत नाही कोणी, तर ठेवायची कशाला, असा साधा हिशेब होता. शिपायाला गावाबाहेरच्या गोदामात जुन्या कागदांच्या राखणीला पाठवलं. बाकाचं काय झालं कुणास ठाऊक.

नवव्या मजल्यावर मात्र श्वास घ्यायला फुरसत नव्हती. सकाळचा एक यायचा तेव्हा ती गाडीत कुणाशी तरी बोलत असायची. आधी उत्तरं आखूड झाली, मग दोन दिवसांनी एकदा, मग नाहीच. काकांनी तक्रार केली नाही. ते रोज आपलं लिहीत राहिले.

त्या वर्षी चोरांनी उच्छाद मांडला होता. दुसऱ्याचं खातं हाती लागलं की चोर आधी अगदी किरकोळ रक्कम पाठवून बघत, ती गेली की मग खातं धुऊन नेत. रोज कुणाची तरी आयुष्यभराची पुंजी जात होती. बाईंनी डोळ्यांत तेल घालून नियम बसवला: एखाद्या खात्यातून एकाच जागी पुन्हा पुन्हा किरकोळ रक्कम गेली, की ते खातं थांबवायचं आणि खातेदारानं मदत केंद्राला फोन करून ओळख पटवायची. नियम चांगला होता. त्यानं हजारो घरं वाचवली, हे खोटं नाही. पहिल्या यादीत तीन हजारांवर खाती होती. शुक्रवारी जेवायच्या सुट्टीआधी तिच्या सहायकानं ती पडद्यावर उघडून दिली. नावं नव्हती, नुसते आकडे. तिनं मंजुरी दिली आणि डबा उघडला.

शनिवारी एक आला नाही. रविवारीही नाही. हे तिच्या लक्षात आलं मंगळवारी, तेही नवऱ्यानं विचारलं म्हणून.

“कंटाळले असतील,” ती म्हणाली.

“जाऊन येऊ का आपण?”

“या रविवारी जाऊ.”

आणि खरं सांगायचं तर तिला जरा सुटल्यासारखंच वाटलं. त्या रविवारी मोठ्या साहेबांनी बैठक लावली. पुढचा रविवार पाहुण्यांत गेला.

पहिला एक चुकला त्याला एकोणीस दिवस झाले तेव्हा गोदामातून शिपायाचा फोन आला. “मॅडम, छापखान्यातले काका गेले.”

ती खुर्चीतून उठली. “कधी?”

“झाले सहा-सात दिवस. मलाही आजच कळलं, बाजारात त्यांची शेजारीण भेटली. न्हाणीघरात पडले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं बघितलं. दवाखान्यात चार दिवस होते. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. तुम्हाला रोज निरोप यायचा ना?”

तिनं फोन ठेवला आणि सहायकाला काकांचं खातं उघडायला सांगितलं. पडद्यावर लाल अक्षरांत होतं: थांबवलेलं खातं, कारण किरकोळ रकमा वारंवार, मंजुरी... आणि पुढे तिचं स्वतःचं नाव.

“यांनी मदत केंद्राला फोन केला नाही,” सहायक म्हणाला.

“ते बोलू शकत नव्हते,” ती म्हणाली. “खाली ते काय आहे?”

“फसलेले प्रयत्न, मॅडम. पाठवायला गेले पण गेलं नाही, ते.”

“त्यांतले निरोप दिसतात?”

“साठवलेले असतात. पण जे गेलंच नाही त्याचा निरोप कोण वाचणार?”

तिनं त्याला बाहेर जायला सांगितलं आणि वाचायला बसली.

शनिवार: “जात नाही. शिकवलंत तसंच करतोय. चुका पाच.”

रविवार: “आजही नाही गेला. म्हणजे आज तुम्ही याल.”

सोमवार: “घर झाडलं. दूध जास्त घेतलं.”

मंगळवार: “उद्या आलात तरी चालेल.”

असेच आणखी तीन दिवस. एका दिवशी फक्त “मांजर वाट बघतंय.” पुढच्या शनिवारी सकाळी सव्वासातला: “न्हाणीत पडलो. उठवत नाही. दार लोटलेलंच आहे.” आठला तेच. नऊला: “दार उघडं आहे.” दुपारी दोनला शेवटचा प्रयत्न होता. “कामात असाल.”

ती ढसाढसा रडली. काचेच्या खोलीत रडायची सोय नसते. बाहेरच्या चाळीस जणांनी माना खाली घालून कामं चालू ठेवली.

घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं तिची समजूत घातली नाही. एवढंच म्हणाला, “मंगळवारीच गेलो असतो तर भेटले असते गं.” तो दोष देत नव्हता, पण ते खरंच होतं. मंगळवारी काका धडधाकट होते. घर झाडून, दूध आणून बसले होते.

पंधरा दिवसांनी मोठ्या साहेबांच्या खोलीत बैठक भरली. नियमाचं कौतुक झालं. तीन हजार खाती थांबवली, आणि तक्रारी किती? अवघ्या अकरा. साहेबांनी टेबलावर थाप मारली. हा नियम आता सगळ्या बँकेला लावायचा, आणि बाईंना बढती द्यायची, असं त्यांनी तिथंच जाहीर केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“त्या अकरांत एक माणूस नाही,” ती म्हणाली. “त्याला तक्रार करता येत नव्हती.” मग तिनं लिहून आणलेला कागद पुढे ठेवला. ज्यांचं वय झालंय, जे एकटे आहेत, ज्यांना ऐकू येत नाही किंवा बोलता येत नाही, त्यांचं खातं थांबवलं तर त्याच दिवशी बँकेचा माणूस घरी जाऊन भेटेल, एवढंच त्यात होतं.

साहेबांनी कागद वाचला. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “घरी माणूस पाठवायचा? अहो मॅडम, मग शाखा बंद कशाला केल्या आपण?”

सगळे हसले. इतक्या वर्षांच्या सवयीनं तीही हसली. हसू ओठांवर असतानाच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते काही केल्या थांबेना. शेजारी बसलेल्यानं पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

“मी त्यांना शब्द दिला होता,” ती म्हणाली.

कोणाला, ते कुणी विचारलं नाही. साहेबांनी पुढचा विषय घेतला.