वाघळांची माती

द्रौपदीला खोकला लागला तेव्हा तिनं आधी स्वतःचं ताट वेगळं केलं, मग पेला, मग चादर. डॉक्टरकडे ती त्यानंतर गेली. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी तिची नर्सरी आहे, म्हणजे रस्त्याकडेला हिरवी जाळी, कुंड्यांच्या रांगा आणि मागं एक खोली. शेजारच्या गाळ्यात मी ब्लाऊज शिवते. मशीन चालू असलं तरी तिचा खोकला मला ऐकू यायचा आणि छातीत धस्स व्हायचं.

कारण तिचा नवरा भीमराज ह्याच खोलीत टीबीनं गेला. गोळ्या अर्धवट सोडल्या, दारू मात्र सोडली नाही. हाडांचा सापळा झालेला तो माणूस मीही पाहिलाय. द्रौपदीनं तर त्याला महिनोन् महिने उचलून बसवलं होतं. "तोच आलाय गं शकु," ती म्हणायची, "इतकी वर्षं माझ्यात दबा धरून बसला होता." नाक्यावरच्या दवाखान्यात डॉक्टरनं छातीचा फोटो बघितला. डाग दिसले. थुंकीत काही सापडलं नाही, तरी त्यानं टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. काम काय करता, एवढंही विचारलं नाही मेल्यानं.

मरणाची भीती तिला होतीच, पण त्याहून मोठी भीती मैत्रीची. मैत्री तिची नात, मुलगा प्रबुद्धची पोर, अडीच वर्षांची. प्रबुद्ध आणि सून संघमित्रा कामाला गेले की पोरगी दिवसभर आजीकडे. आता आजी तोंडाला पदर लावून खोलीत बसायची आणि तिला दारातूनच परतवायची. "बाहेर खेळ गं बाई, मातीत खेळ. आजीजवळ यायचं नाही." सुरुवातीला पोरीनं भोकाड पसरलं, मग रमली. मागच्या अंगणात चाळणीखाली मऊ काळा ढीग असायचा. त्यावर बसून ती डबे भरायची न् ओतायची. द्रौपदी खिडकीतून बघत राहायची. निदान पोर तरी वाचली, असं आम्हा सगळ्यांनाच वाटायचं.

ह्या काळ्या मातीवर तर तिची नर्सरी चालायची. जवळचा एक कारखाना कधीचा बंद पडलाय. त्याच्या शेडमध्ये वाघळांनी वस्ती केलीय आणि खाली त्यांच्या लेंड्यांचे थरावर थर. ती माती पोत्यांतून आणायची, उन्हात कडकडीत वाळवायची आणि चाळायची. ओली माती जाळीत अडकते, म्हणून थेंबभर पाणी लावायचं नाही, हा तिचा नियम. धुरळा असा उडायचा की मी खिडकी लावून घेऊन तिला शिव्या घालायचे. पण मोगरा असा फुलायचा की सोसायट्यांतल्या बायका गाड्या थांबवून कुंड्या न्यायच्या. आजारी पडल्यावरही जरा बरं वाटलं की ती चाळणी धरायचीच.

गोळ्या घेऊनही ताप उतरेना. अन्न जाईना, जिभेवर जखम झाली ती भरेना, अंगावरचं पोलकं लोंबायला लागलं. शेवटी मी आवाज चढवला. "मरायचंय तर मर, पण मोठ्या इस्पितळात दाखवून मर!" रिक्षात घातलं नि घेऊन गेले.

तिथली डॉक्टर तरुण होती. "आजी, काम काय करता?" हा तिचा पहिलाच प्रश्न. द्रौपदीनं मातीचं सांगितलं. वाघळं म्हटल्यावर डॉक्टर लिहायची थांबली. मग नळी घालून फुप्फुसातलं पाणी काढलं, जिभेवरच्या जखमेचा तुकडा घेतला. साखर तपासली, तीही भलतीच वाढलेली. रिपोर्ट लवकर येईना. त्या दिवसांत द्रौपदी मला म्हणाली, "मी गेले की खोली फिनेलनं धुऊन काढा, मगच पोरीला आत आणा." मी तिला झापलं आणि गाळ्यात येऊन रडले.

रिपोर्ट आला. टीबी नव्हताच. फुप्फुसात बुरशी वाढली होती.

"वाघळांची, पक्ष्यांची घाण पडते त्या मातीत ही बुरशी वाढते," डॉक्टर म्हणाली. "कोरडी माती उडवली की श्वासातून आत जाते. औषध आहे. वर्षभर घ्यावं लागेल, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही. मधूनमधून रक्त तपासायचं, साखर ताब्यात ठेवायची. ती माती आजपासून बंद. दुसरी माती असली तरी आधी पाणी शिंपडायचं, चांगला मास्क लावायचा, मगच हात घालायचा."

"आणि माझ्यापासून दुसऱ्याला?" द्रौपदीनं विचारलं.

"नाही लागत. माणसापासून माणसाला हा रोग होत नाही."

मी खुर्चीतून उठलेच. "ऐकलंस ना? झकास! आता घे पोरीला मांडीवर!"

द्रौपदी हसली नाही. "डॉक्टर," ती म्हणाली, "लहान पोर त्या मातीत खेळलं तर?"

"खेळतंय?"

"रोज."

"ताप, खोकला काही?"

मागच्याच आठवड्यात मैत्री तापानं फणफणली होती. दाढा येत असतील, असं संघमित्रा म्हणाली होती. ते मीच डॉक्टरला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मैत्रीला नेलं. संघमित्राला दिवस गेलेले, त्यामुळं एक्स-रेच्या खोलीत तिला सोडेनात. पोरीला धरायला द्रौपदी आत गेली. कित्येक महिन्यांनी तिनं तिला उचललं, आणि पोरीनं आजीच्या गळ्याला अशी मिठी मारली की सुटता सुटेना. "आजी, थोडं लांब धरा तिला," आतला माणूस ओरडला. द्रौपदीच्या हातून ते होईचना.

फोटोत छोटीशी गाठ दिसली. "शरीरानं स्वतःच आवरलंय, असं दिसतंय," डॉक्टर म्हणाली. "बहुतेक मुलांचं असंच होतं. आत्ता औषध नको, पण लक्ष ठेवावं लागेल. दर महिन्याला आणा." संघमित्रानं डोळे पुसले.

"ही गाठ माझ्यामुळं ना?" द्रौपदीनं विचारलं.

"तुमच्यामुळं नाही, आजी. सांगितलं ना, मातीमुळं."

"मातीत मीच धाडलं होतं तिला," द्रौपदी म्हणाली, आणि झोपलेल्या पोरीच्या छातीला कान लावून बसून राहिली.