एकतिसावं हेल्मेट

ही केस विसरायचा मी बराच प्रयत्न केला, पण दसरा आला की ती आपोआप समोर येऊन बसते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातलं बरंचसं आता पुसट झालंय. एका पिवळ्या हेल्मेटची ही भानगड मात्र जशीच्या तशी आठवते. कुणाचं नाव लिहीत नाही. संबंधित घरं अजून आहेत, आणि लीड्सच्या आसपास मराठी घरं ती कितीशी!

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. सकाळी ठाण्यात गेलं की आधी नोंदबुक वाचायचं, कोठडीत कोण आहे ते बघायचं, आणि इन्स्पेक्टरसाहेबांचा पहिला चहा होईपर्यंत त्यांच्या वाटेला जायचं नाही, असा शिरस्ता होता. साहेब यॉर्कशरचे. दिवसभरात चार वाक्यं बोलले तर आम्ही एकमेकांकडे बघायचो.

एका सकाळी गालिच्यांच्या गिरणीतून स्टोअर सांभाळणाऱ्या बाईचा फोन आला. दोन आठवड्यांपूर्वी त्या गिरणीत आग लागली होती. गिरणीचं स्वतःचं छोटं अग्निशमन पथक होतं. आग विझवताना छताची लोखंडी पट्टी त्यातल्या एकाच्या डोक्यावर पडली आणि हेल्मेट नारळासारखं फुटलं. माणूस वाचला, पण एक डोळा गेला. सगळ्यांनी अपघात म्हणून फाइल मिटवली होती. बाईचं म्हणणं असं की हेल्मेटांचं खोकं उघडलं तेव्हाच तिला ताज्या रंगाचा वास आला होता. तिने गिरणीच्या मॅनेजरला सांगितलं, तो हसला. "वीस वर्षं स्टोअरमध्ये आहे मी," ती म्हणाली, "नवं काय आणि रंगवलेलं काय, मला कळतं." स्टोअरच्या माणसाला कधी हलक्यात घेऊ नये, हे मी तेव्हापासून प्रत्येक नव्या शिपायाला सांगत आलो.

प्रकार असा होता. फायर ब्रिगेड जुनी झालेली हेल्मेटं लिलावात काढते. शोभेसाठी, संग्रहासाठी ती कुणीही घ्यावीत. पण पुन्हा आगीत वापरायची तर ती रीतसर तपासून सुरक्षा मानकात बसवावी लागतात. एका व्यापाऱ्याने ती लॉटने उचलली, बाहेरून रंगवून घेतली, आत मानकाचं नवं लेबल चिकटवलं आणि "तपासून दुरुस्त केलेली" म्हणून छोट्या कारखान्यांना विकली. प्रयोगशाळेने सांगितलं की हे कवच एका जातीच्या प्लॅस्टिकचं असतं आणि रंगातला थिनर ते आतून खातो. वरून चकाचक, आतून ठिसूळ.

व्यापाऱ्याला आणलं. वकील शेजारी बसवून तो प्रत्येक प्रश्नाला "नो कमेंट" म्हणत राहिला. हेल्मेटं किती, कुठे गेली, रंगवली कुणी, काहीच सांगेना. दप्तर म्हणे पावसात भिजलं. मला त्याच्या शिक्षेची घाई नव्हती. बाकीची हेल्मेटं कुठल्या तरी कारखान्यात खुंटीला टांगलेली होती, आणि आग काही आम्हाला विचारून लागणार नव्हती. रोज सकाळी नोंदबुकात आगीची नोंद दिसली की मी आधी कुणी जखमी आहे का ते बघायचो.

शेवटी फुटलेलं हेल्मेट मी टेबलावर घेतलं आणि उगाच उलटसुलट करत बसलो. आतला पट्टा सोडवला, त्याखालचा स्पंज उचलला. कवचाला लाल-पिवळा डाग होता. प्रयोगशाळेच्या अहवालात त्याची नोंद होती, "भुकटी, बहुधा गंजरोधक रंगाची." प्लॅस्टिकला कसला आलाय गंज! मी बोट लावलं, वास घेतला, आणि खुर्चीत मागे टेकलो.

हळदकुंकू होतं ते.

आता खरं सांगतो, धागा सापडल्याचा आनंद मला झाला नाही. एकदम थकल्यासारखं झालं. कारण खंडेनवमीला हातातल्या कामाची, हत्यारांची पूजा करणारा आणि रंगकामात हात बसलेला मराठी माणूस आमच्या भागात एकच होता. मंडळाच्या गणपतीचं मखर दरवर्षी तोच रंगवायचा. मी त्यांना काका म्हणायचो. साठच्या दशकात ते इकडे आले, बसच्या डेपोत गाड्यांचे पत्रे ठोकण्यात आणि रंगवण्यात जन्म गेला, आणि रिटायर झाल्यावर घरात बसवत नाही म्हणून मिळेल ती दुरुस्ती करायचे.

दुपारी त्यांच्याकडे गेलो. काकूंनी चहा टाकला, चिवड्याची बशी पुढे केली. मी विषय काढला तर काकांचा चेहरा खुलला. मला मागच्या शेडमध्ये घेऊन गेले. हेल्मेटांना बसवून उरलेले चामडी पट्टे धुऊन, तेल लावून टांगलेले होते. प्रत्येक टाका स्वतःच्या हातचा, आणि खंडेनवमीला प्रत्येक हेल्मेटात स्पंजखाली हळदकुंकू. "माणसाच्या डोक्यावर जायची वस्तू," म्हणाले, "हयगय करून कसं चालेल?" मग फळीवरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. रंगवण्याआधी आतली जुनी लेबलं काढून टाक, कंपनीकडून नवी येतात, असं व्यापाऱ्याने त्यांना सांगितलं होतं. त्यांनी ती काढली, पण टाकली नाहीत. ज्याने कुणाचं तरी डोकं राखलंय ते कचऱ्यात कसं टाकायचं, असं त्यांचं म्हणणं. डब्यात एकतीस लेबलं होती.

मी डबा खाली ठेवला आणि त्यांना थांबवलं. कायद्याने जी समज द्यायची असते ती मराठीत दिली, की काका, आता काही बोलायला तुम्ही बांधील नाही, आणि बोललात तर ते पुराव्यात येईल. दारातून काकूंनी विचारलं, अजून चहा ठेवू की नको. एवढी वर्षं ही समज चोरांना दिली, पण ज्याच्या घरचा चिवडा तोंडात आहे त्याला देताना जीभ जड होते.

ठाण्यात चौकशी साहेबांनी केली, इंग्रजीत, टेपवर. मी शेजारी बसलो. साहेबांना वाटत होतं की म्हातारा सगळं जाणून होता. त्यांनी विचारलं, यातलं एक तरी हेल्मेट स्वतःच्या माणसाच्या डोक्यावर ठेवाल का? काकांनी उत्तर माझ्याकडे बघून मराठीत दिलं.

"आहे की. माझ्या जावयाच्या डोक्यावर आहे."

जावई शेजारच्या गावात कापडरंगाच्या कारखान्यात होता, तिथल्या अग्निशमन पथकात. कामाला गेला होता. मी टेपसाठी भाषांतर केलं आणि ते पुरं व्हायच्या आत साहेब उठून फोनकडे धावले. त्यांना पळताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. दहा मिनिटांत निरोप आला, हेल्मेट खुंटीवरून काढलं, जावई ठीक आहे. काका गोंधळलेले. काढलं कशाला, विचारत होते.

मग साहेबांनी डब्यातलं एक लेबल उचललं, चष्मा लावला आणि बारीक अक्षरं सावकाश वाचून दाखवली. या कवचाला रंग किंवा थिनर लावू नये, धोका आहे. काकांनी ते लेबल स्वतःच्या हाताने काढून, पुसून, जपून ठेवलं होतं. वाचलं कधीच नव्हतं. त्यांनी मला मराठीत पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं. त्यानंतर त्यांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

बाहेर त्यांची मुलगी बसली होती, इथेच जन्मलेली. ती म्हणाली, "बाबा काय मुद्दाम नाही केला. प्लीज, तुम्ही त्यांना ओळखता ना?" ओळखत होतो, म्हणून तर तिच्याकडे बघवत नव्हतं.

लेबलांवरचे नंबर लिलावाच्या याद्यांशी जुळले आणि व्यापाऱ्याचं तोंड उघडलं. आम्ही कारखाने पालथे घातले. फुटलेलं आणि जावयाचं धरून तीस हेल्मेटं मिळाली. एक कुणीतरी रोखीने, नाव न देता नेलं होतं. व्यापाऱ्याला शिक्षा झाली, मला विचाराल तर फारच थोडी. काकांना साक्षीदार केलं. त्याचाच त्यांना राग. मलाही आरोपी लिहा ना, म्हणायचे, डोळा माझ्या हातानेच गेला. त्यांनी शेड विकून टाकली आणि मखराला पुन्हा ब्रश लावला नाही.

पुढच्या दसऱ्याला त्यांचा फोन आला. सोनं घ्या वगैरे काही नाही, सरळ विचारलं, "एकतिसावं मिळालं का?" मी नाही म्हणालो. मग दर दसऱ्याला तोच फोन, तोच प्रश्न. चौथ्या वर्षी त्यांचा आवाज फार खोल गेलेला वाटला, आणि मला राहवलं नाही. म्हणालो, मिळालं काका, आता निवांत राहा.

मग ते म्हणाले, "स्पंज उचलून पाहिलात? कुंकू होतं आत?"

मला हो म्हणता आलं नाही. कोर्टात भल्याभल्या वकिलांना पुरून उरलेला मी, एका म्हाताऱ्यापुढे उघडा पडलो. "असू द्या," ते म्हणाले, "पुढच्या वर्षी विचारतो." आणि विचारलं. त्यानंतर जितके दसरे त्यांना मिळाले तितक्या वेळा विचारलं, आणि मी दर वेळी खरं ते सांगितलं.

या केसने मला एवढंच शिकवलं, की दया आली म्हणून कुणाला सगळं ठीक आहे असं सांगू नये. तेही वरून रंग देणंच झालं. काकांनी ते न कळता केलं, मी कळून केलं.

काका आता नाहीत. एकतिसावं अजून कुठेतरी आहे. तुमच्यापैकी कुणाच्या गॅरेजमध्ये, माळ्यावर, मुलांच्या खेळण्यांत एखादं जुनं पिवळं फायरमनचं हेल्मेट पडलेलं असेल, तर आतला पट्टा सोडवून स्पंज उचला. खाली कुंकू दिसलं तर ते कुणाच्याही डोक्यावर ठेवू नका, आणि मला कळवा. मला एका घरी फोन करायचा आहे. काकू अजून आहेत.