मी घासून काढलेला नंबर

कर्णिकसाहेबांनी पिन उजेडात धरली, तेव्हा मी शाबासकीची वाट बघत होतो.

"यावरचा नंबर कुठाय?"

"गंज काढा म्हणालात ना साहेब? बफिंग मारून आरशासारखी केली!"

"गंज काढून नंबर वाचा म्हणालो होतो!"

अर्धं वाक्य ऐकून कामाला लागायचं ही माझी जुनी खोड.

बोईसरच्या इंडस्ट्रियल एरियात माझं छोटं वर्कशॉप आहे. साहेब हवाई दलातून निवृत्त. ते आणि त्यांचे मित्र पायलटांच्या ट्रेनिंगचं एक जुनं लष्करी विमान अजून उडतं ठेवतात. त्याच्या शेपटीखालच्या चाकाची पिन झिजली होती. तशीच नवी करायची, एवढंच माझं काम.

"माप घेतलंय साहेब. तश्शीच करतो."

"कुठल्या स्टीलची? किती कडक? ते ड्रॉइंगमध्ये असतं आणि ड्रॉइंग नंबरावरून सापडतं. ड्रॉइंग नाही तर इन्स्पेक्टरची सही नाही. सही नाही तर विमान जमिनीवर." साहेबांचा आवाज खाली आला. "पुढच्या रविवारी त्यावर शिकलेले पायलट येतायत. एकाची नव्वदी उलटलीय. त्याला काय सांगू, पुढच्या वर्षी ये?"

मी बफिंग मशीनचा प्लग काढला.

पाम गावचे जनूमामा आमचे सगळ्यात जुने फिटर. ते हात पुसत आले. "शेठ, वेल्डिंगचा जोड तपासताना आपण काय करतो? कापतो, घासतो, अ‍ॅसिड लावतो. आतलं सगळं दिसतं. ह्यो नंबर पंचानं ठोकलेला हाय ना? मार आतपर्यंत गेला असंल."

म्हणजे असं, की पंच, म्हणजे आकड्याचा पोलादी ठसा, ठोकलेल्या जागी लोखंड आतूनही दबतं. वरचा नंबर गेला तरी दबलेल्या भागाला अ‍ॅसिड वेगळं खातं.

मामांनी कापसाच्या बोळ्यानं पातळ अ‍ॅसिड फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा धुरकट रेघ उठली.

"सात," साहेब म्हणाले.

"नाय, एक हाय. थांबा जरा."

एकेक करून सगळे आकडे उठले. साहेबांनी ते लिहून दोनदा वाचून दाखवले. मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "शेठनी पॉलिश केलं ते बरंच झालं. नायतर मलाच घासायला लागलं असतं."

ड्रॉइंग सापडलं. पिन झाली, सही झाली. रविवारी मी बायकोला, सुनंदाला, घेऊन धावपट्टीवर गेलो. विमान उडालं तसे नव्वदीचे आजोबा व्हीलचेअरचे हात धरून उभे राहिले. सगळे आभाळाकडे बघत होते, मी शेपटीकडे. विमान उतरताना तर मी डोळेच मिटले. टाळ्या ऐकून उघडले.

तेव्हापासून वर्कशॉपमध्ये नियम आहे: आधी फोटो, मग बफिंग.

त्या रविवारी परतताना सुनंदाला सगळी हकिगत रंगवून सांगितली. ती म्हणाली, "ते अ‍ॅसिड थोडं घरी आणा. लग्नात आईनं दिलेल्या पितळी डब्यावर तिचं नाव ठोकलेलं होतं. तुम्ही दिवाळीला चकाचक करून आणला होतात."