फोर्तुनातामावशीच्या तव्यावरचं रक्त

लिमातल्या आमच्या टेकडीवरच्या बाजारात फोर्तुनातामावशी कोंबडीचं रक्त विकायची. कांदा, मिरची, पुदिना घालून परतलेलं, सोबत उकडलेला बटाटा. मूल पांढुरकं दिसलं की आया डॉक्टरच्या आधी तिच्याकडे आणायच्या. पोरांनी नाक मुरडलं की मावशी दरडावायची, "गिळ गपचूप." माझा बटाट्यांचा ठेला शेजारीच होता. बाई फटकळ, पण उपाशी पोराला तिने कधी रिकाम्या पोटी सोडलं नाही.

मग तिलाच क्षय झाला, साध्या गोळ्यांना दाद न देणारा. रोज दवाखान्यात नर्स येसेनियासमोर मूठभर गोळ्या गिळायच्या. खोकला थांबला, पण मावशी पांढरीफटक पडली, टेकडी चढताना धापा टाकू लागली. ती आपल्याच तव्यावरचं दुप्पट खाऊ लागली. रंग काही परत येईना, तेव्हा तिला तव्याचाच राग आला.

दवाखान्यात मात्र अवाक्षर नाही. तिच्या नवऱ्याच्या क्षयाच्या गोळ्या मध्येच सुटल्या आणि तो गेला होता. आपल्याही बंद केल्या तर आपणही मरू, ही धास्ती. म्हणून ती गालांना बीट चोळून जायची आणि रक्ततपासणीच्या दिवशी काहीतरी निमित्त काढून सटकायची. मी कितीदा टोकलं, पण माझं कोण ऐकतो!

एके सकाळी येसेनियाने तिची पापणी खाली ओढली.

"मावशी, इथे बीट लावायचं राहिलं."

रक्त तपासल्यावर कळलं, गोळ्यांपैकी एक तिच्या अंगात रक्तच तयार होऊ देत नव्हती. डॉक्टरांनी तेवढीच थांबवली, पुढे कमी करून द्यायचं ठरवलं. बाकीच्या चालूच राहिल्या.

"म्हणजे माझ्या तव्याचा दोष नव्हता?" मावशीने विचारलं आणि तिला रडू आलं.

तिला रक्त चढवावं लागलं. आमच्याकडे ते रुग्णाच्या माणसांनी भरून द्यायचं असतं, आणि मावशीला तर कुणीच नव्हतं. मी बाजारात सांगितलं. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात रांग लागली, थेट मावशीच्या खाटेपर्यंत. सगळी तिने दटावून भरवलेली पोरं, आता बाप्ये नि बाया झालेली.

रांगेतल्या मारिलुसच्या बोटातला थेंब तपासून तिथली बाई म्हणाली, "झकास रक्त आहे गं. काय खातेस?"

मारिलुसने खाटेकडे बोट दाखवलं. "लहानपणी हिच्या हातचं खाल्लंय."

मावशीने डोळे उघडले. "आणि रोज थुंकायचीस, भवाने," ती म्हणाली, आणि तिने मारिलुसचा हात घट्ट धरून ठेवला.