चिंचेनं घासलेली अमेरिकन नाणी

शुद्धलेखनाच्या चुका होतील आणि अक्षरही कोंबडीच्या पायाचं आहे, त्याबद्दल माफी. चौथीपर्यंतच शिकले. पण जे झालं ते मनात ठेवलं तर जीव जळतो, म्हणून लिहिते.

सेवाग्रामला पाहुण्यांच्या खोल्या झाडायचं माझं काम. एका म्हाताऱ्या अमेरिकन बाईनं मला तिकडची जुनी काशाची नाणी दिली होती. काहींवर डोक्याला पिसं लावलेला चेहरा, काहींवर गव्हाच्या दोन ओंब्या. मला नादच लागला. पुढं जो पाहुणा येई त्याला हातवारे करून मागायची. सालं वाचून लावायची, फडक्यात जपायची.

वर्ध्यात जुनी नाणी घेणारा एक दुकानदार आहे. मी दोन-चार नाणी नेऊन दाखवली, ती त्यानं भिंगातून पाहिली. म्हणाला, "रंग अस्सल हाय. जितकं जुनं साल, तितका भाव." दोन हजार इसार दिला. बाकीची किंमत सगळी नाणी आणून दिल्यावर. त्या इसारातून मी सासूला चष्मा केला.

नव्या चष्म्यातून तिला नाण्यांवरचा मळ दिसला. दिवाळीची तांब्याची भांडी काढली होती, त्यातच तिनं चिंच-मीठ लावून नाणी घासली.

"इकाले न्याच्या वस्तू अशा कळकट नेतं का व? पाह्य, कशी सोन्यावानी केली!"

ज्या जुन्या रंगाला भाव होता तोच निघून गेला, तरी सगळी नाणी घेऊन मी दुकानात गेले.

दुकानदार भाव कमी करता तर मी मुकाट ऐकलं असतं. तो चार गिऱ्हाइकांसमोर ओरडला, "बाई, माल बदलवला तुमी! हे नकली हाय. मले येडा समजून राह्यल्या का?"

मी आयुष्यात कोणाची काडी उचलली नाही. मी नाणी परत फडक्यात बांधायला लागले. मग तो हळूच म्हणाला, "जाऊ द्या. नाणी इथंच ठेवा, इसार फिटला समजा."

तेव्हा मात्र मी बोलले. "नकली हायेत, तर तुमाले काऊन पायजेत?"

"वाचा फुटली बाईले!" तो हसला. गिऱ्हाइकं हसली नाहीत.

नाणी उचलून मी घरी आणली. मग दर पगाराला थोडे थोडे पैसे त्याच्या गल्ल्यावर ठेवत गेले. चोर म्हणवून घेऊन त्याचा पैसा ठेवायचा नव्हता. गेल्या सोमवारी शेवटची पाचशेची नोट दिली. ती त्यानं उजेडात धरून उलटसुलट तपासली. त्याची मान हलेपर्यंत मी तिथंच उभी राहिले. दोन हजार पुरे फिटले.